दुर्पताची पात

धानाच्या रोवणीचे दिवस जवळ आले की आमच्याकडची माणसं आभाळाकडे पाहतात, मी फोनकडे पाहते. आभाळाचं काय, ते आज ना उद्या भरून येतंच; दुर्पता मात्र तिच्या सवडीने फोन करते. यंदा तिचा फोन आला तेव्हा मी वरठीच्या घरी नववीच्या वह्या तपासत बसले होते.

"विजू, तुझे पऱ्हे किती दिवसाचे झाले?"

कशी आहेस नाही, काय चाललंय नाही. मी वाफ्यातल्या धानाच्या रोपांचे दिवस मोजले आणि म्हटलं, बावीस दिवसांचे.

"मंग सोमवारी येतो आम्ही. मी धरून चौदा बाया. रविवारी चिखलणी करून ठेव, अन् बांधीतलं पानी जाऊ देऊ नको."

सोमवारी शाळेत तपासणी होती, म्हणून मी मंगळवार सुचवून पाहिला. "मंगळवारी आंधळगावले आहो," ती म्हणाली आणि फोन ठेवला. नुसत्या खाकरण्याने पन्नास पोरांचा वर्ग गप्प करणारी बाई मी. तिच्यापुढे मुकाट्याने रजा टाकते. खरं सांगायचं तर ही एक रजा टाकताना मला कधी वाईट वाटत नाही.

करडीला तलावाखाली माझी दोन एकर धानाची जमीन आहे. मी वडिलांची एकुलती एक. ते गेल्यावर सगळे म्हणाले, विकून टाक, नोकरीवाल्या बाईला शेती कशाला? मी विकली नाही. त्यात मातीची ओढ किती आणि माझा हट्ट किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वर्षभर ती जमीन दुसऱ्याच्या हातून पिकते, पण रोवणीच्या दिवशी मी स्वतः धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी असते. चिखलणी झालेल्या बांधीला, त्या पाणी भरलेल्या खाचराला, एक वास असतो. त्याला सुवास म्हणायची माझी हिंमत नाही. गार, थोडा कुजका, थोडा लोखंडी. ट्रॅक्टरच्या जाळीदार चाकांमागे बगळे फिरत असतात, खेकडे धुऱ्यात घुसतात आणि बायांच्या हातांतून पऱ्ह्यांच्या जुड्या सुटताना चिखलात डुबुक डुबुक असा आवाज येत राहतो. तो आवाज मला शाळेच्या घंटेपेक्षा जास्त ओळखीचा आहे.

ज्यांनी रोवणी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बाया बांधीत एका रांगेत वाकून उभ्या राहतात आणि रोवत रोवत मागे सरकतात. प्रत्येकीसमोर जेवढी रुंदी तिच्या हाताच्या टप्प्यात येते, तेवढी तिची पात. आपली पात आपण रोवायची, धुऱ्याला पाय लागेपर्यंत. पात मागे राहिली की सगळ्या रांगेला कळतं, आणि कोण किती पाण्यात आहे तेही कळतं.

आज टोळी दुर्पताची आहे. पण दर रोवणीला मला आठवते ती सहा वर्षांपूर्वीची रोवणी. दुर्पता जेलातून सुटून आली, त्या वर्षीची.

आम्ही दोघी चौथीपर्यंत करडीच्या शाळेत एका तरटावर बसलो. माझी पाटी ती पुसायची, तिची गणितं मी करायचे. पुढे मी भंडाऱ्याला शिकायला गेले आणि तिला गावातच सुखदेवला दिली. सुखदेव म्हणजे रस्त्यात दिसला तरी आपण आधी बोलल्याशिवाय न बोलणारा माणूस. एक मुलगी झाली. सगळं बेताचं, बरं चाललं होतं.

मग एका वर्षी ऐन ऑगस्टात पावसाने दडी मारली आणि तलावाचं पाणी पाळीने घ्यायचं ठरलं. दुर्पताच्या पाळीच्या दिवशी, भर दुपारी, तिच्या आणि माझ्याही धुऱ्याला लागून शेत असलेल्या मुखरूने पाट फोडून पाणी आपल्या बांधीत वळवलं. तिने जाऊन पाट बुजवला. त्याने परत फोडला. तिच्या हातात फावडं होतं, ते तिने त्याच्या उजव्या मनगटावर घातलं. एकदा नव्हे, दोनदा. मुखरूचा हात राहिला, पण बोटं मिटत नाहीत. त्या हाताने तो आता साधा कपही धरू शकत नाही. खटला चालला, शिक्षा झाली, दुर्पता चार वर्षं आत राहिली. मुलगी मामाकडे वाढली. तिसऱ्या वर्षी सुखदेव काविळीने गेला.

सुखदेव गेला आणि गावाला एक गोष्ट सापडली. मारलं सुखदेवनेच, बिचारीने नवऱ्याचा गुन्हा आपल्या अंगावर घेतला. कोर्टात काय झालं ते कोणी वाचायला गेलं नव्हतं, आणि सांगून सांगून गोष्ट चांगली मुरली. मेलेला माणूस काही बोलायला येत नव्हता. मुखरूने कोर्टात खरं सांगितलं होतं, पण पानठेल्यावर तोही गप्प राहायचा. बाईच्या हातचा मार खाल्ला म्हणण्यापेक्षा त्यालाही ते बरं वाटत असावं.

आणि मी काय केलं? मी त्या गोष्टीचं भाषण केलं. दुर्पता फेब्रुवारीत सुटून आली आणि मार्चमध्ये आमच्या शाळेत महिलांचा कार्यक्रम झाला. मी माईकवर गेले आणि करडीच्या एका मूक त्यागिनीची कहाणी सांगितली. नाव घेतलं नाही, एवढीच अक्कल दाखवली. सभागृह ओलं झालं. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. माझंच भाषण ऐकून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, हे आज लिहितानाही कानकोंडं वाटतं.

भाषणाच्या आधी मी तिला एकदाच भेटायला गेले होते. साडी नेली होती, आणि वाटेत सांत्वनाची चार वाक्यं जुळवून ठेवली होती. ती घरावर चढून कवेलू बसवत होती. चार वर्षांत छप्पर पार गेलं होतं.

"आली तं थे कवेलू दे वर," ती म्हणाली.

मी तासभर कवेलू देत राहिले आणि माझी वाक्यं तशीच घरी परत आणली. निघताना मी विचारलं, तिथे कशी होतीस?

"कशी म्हणजे? होती," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "चार वर्ष चिखल नाही पायला, विजू. यंदा रोवणीले जाणार आहो मी."

रोवणीला कवसाबाईची टोळी असायची. कवसाबाई साठीची, आवाज खणखणीत, गुडघे तेव्हाही कुरकुरत होते. दुर्पताला टोळीत घे, म्हणून मीच तिच्याकडे शब्द टाकला. तिने कमरेची तंबाखूची पुडी काढली, परत ठेवली, आणि म्हणाली, "बायाईले विचारतो." बाया तयार झाल्या. मला वाटलं, किती समजूतदार आहेत. त्या का तयार झाल्या होत्या, ते पहिल्याच दिवशी कळलं.

सुरुवात माझ्याच बांधीपासून झाली. सकाळभर सगळं नीट चाललं. कोणाच्या तरी कमरेच्या मोबाइलवर गाणी लागली होती. दुर्पता रांगेच्या मधोमध होती, वाकलेली, हात सुईसारखे चालत होते. दुपारच्या जेवणानंतर दुसरी बांधी सुरू झाली आणि अर्ध्यावर आल्यावर ती एकदम सरळ उभी राहिली. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"माझी पात कोण खाऊन राहिलं?"

मी धुऱ्यावरून पाहिलं आणि मला दिसलं. तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया हळूहळू तिच्या पातीत शिरून तिच्या दोन दोन ओळी आपणच रोवत होत्या. सकाळपासूनच रोवत असाव्यात. तिच्या वाट्याला जेमतेम वीतभर पट्टा उरला होता.

उजवीकडची शांता हसून म्हणाली, "असू दे वं. चार वर्ष भोगून आली तू. दोन ओळी आम्ही टाकल्या तं काय होते?"

"कायले पण?"

"नवऱ्यापायी एवढं सोसलं तू. मॅडमनं शाळेत सांगतलं ना, माझी पोरगी रडत घरी आली."

दुर्पता माझ्याकडे वळली. "काय सांगतलं वं, विजू?"

मला त्या क्षणी चहा ओतायचं सुचलं. कोणी मागितला नव्हता. मी डबा उघडून कप मांडायला लागले आणि शांताने माझं भाषण तिला जवळजवळ जसंच्या तसं ऐकवलं. पोरगी हुशार असावी, सगळं पाठ केलं होतं. दुर्पताने हातात जुडी धरून ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सुखदेवनं?" ती म्हणाली. "तो कोंबडं कापताना डोळे झाकत होता. मीच मारलं. पयल्यांदा राग आला म्हणून मारलं. दुसऱ्यांदा पाहून मारलं. त्याचा हात खाली पडला होता, तरी मारलं."

मोबाइलवरचं गाणं तेवढं चालू होतं. मग तेही कोणीतरी बंद केलं.

"आता माझी पात मले पुरी द्या," दुर्पता म्हणाली आणि वाकली.

शांता सरकली. डावीकडचीही सरकली. दोन पावलं सरकून भागलं असतं, त्या चार चार पावलं सरकल्या. सकाळी वीतभर असलेली पात आता दोघींना पुरेल एवढी रुंद झाली. दुर्पताने ती सगळी रोवली. तिला सगळ्यांत जास्त वेळ लागला. बाकीच्या धुऱ्यावर पाय धुऊन बसल्या तरी ती आत होती. तिला हातभार लावायला आता कोणी गेलं नाही. मीही नाही गेले, पण त्या दिवशी माझं न जाणं भीतीचं होतं.

दुसऱ्या दिवशी टोळी आली नाही. काही बायांनी कवसाबाईला सांगितलं होतं, ती असेल तर आम्ही नाही. तिसऱ्या दिवशीही कोणी आलं नाही. माझी एक एकर तशीच पडली होती, पऱ्हे पिवळे पडायला लागले होते आणि तलावाचं पाणी रोज कमी होत होतं. मी करडीला जाऊन धुऱ्यावर नुसती बसून होते, तेवढ्यात दुर्पता आली. तिलाही कोणी बोलावलं नव्हतं.

मी चिडलेलेच होते. म्हटलं, "निदान गप्प राहायचं होतंस. लोक चांगलं म्हणत होते. तुझं काय जात होतं?"

ती धुऱ्यावर बसली, पाय चिखलात सोडून.

"मारलं मी. जेलात राहिली मी. चार वर्ष एक एक दिवस राहिली. अन् तुम्ही म्हणता, हिनं काही केलंच नाही, हिच्यावर झालं. मंग मी होती कुठे, विजू?"

मी धुऱ्यावरचं गवत उपटत राहिले.

"सुखदेवले तुम्ही मारकुटा केलं. आयुष्यात मुंगीले नाही लागला तो. अन् मुखरूचं काय? मारणारा मेला असं सांगतलं तं त्यानं कोणाकडे पाहावं? जाब कोणाले विचारावा?"

मुखरूचा विचार मी एकदाही केला नव्हता. माझ्या भाषणात त्याचा हात नुसता एक अपघात होता, कोणाच्या तरी त्यागाला निमित्त म्हणून मोडलेला. मला खूप शरम वाटली. तिच्यावर दया करताना किती आरामात बसले होते मी. बिचारी म्हटलं की त्या माणसाला काही विचारावं लागत नाही, त्याचं काही ऐकावं लागत नाही. नुसती साडी नेऊन द्यायची आणि परत यायचं.

"मी आता काय करू?" मी विचारलं.

"जिथं सांगतलं तिथंच परत सांग," ती म्हणाली. मग माझ्या पऱ्ह्यांकडे पाहून म्हणाली, "अन् या पऱ्ह्यायले पानी दे आधी."

त्याच संध्याकाळी कवसाबाई आली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ दुर्पताच्या त्या रुंद पातीत उतरली, चार ठिकाणी वाकून रोप हलवून पाहिलं. एका ठिकाणी तीन-चार काड्या, खोलीही बेताची, ओळ सरळ.

"रोवा चांगला आहे तिचा," ती म्हणाली. "बाकीचं कोर्टानं पायलं. त्याची शिक्षा झाली, आता मी कोण देणारी? पाच जणी येत नाही म्हणतात, त्यांची मर्जी. उद्या येतो आम्ही."

दुसऱ्या दिवशी कवसाबाई आणि दुर्पता धरून नऊ बाया आल्या. माझी रोवणी दोन दिवस उशिराने संपली आणि त्या वर्षी धान थोडा मागे पडला, त्याची तक्रार करायचा मला अधिकार नव्हता. शांता त्या वर्षी फिरकली नाही. पुढच्या वर्षी आली, आणि दुर्पताच्या शेजारचीच पात धरली. तिने तिची पात रोवली, दुर्पताने आपली.

माझं काम राहिलं होतं. पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात मी माईक मागून घेतला आणि सांगितलं, मार्चमध्ये मी जे सांगितलं ते खोटं होतं. त्या बाईने स्वतः मारलं, ते ती स्वतः सांगते, तिने शिक्षा भोगली आणि ती आता रोवणीला जाते. एका माणसाचा हात कायमचा गेला आहे. नवऱ्याने काही केलं नव्हतं. दोन मिनिटांत संपलं. टाळी एकही वाजली नाही. मुख्याध्यापक नंतर म्हणाले, "मॅडम, आजच्या दिवशी हे कशाला?" वर्गात एका मुलीने हात वर केला. "मॅडम, मग ती बाई चांगली की वाईट?" मी म्हटलं, "ती करडीची आहे. भेटायचं असेल तर रोवणीला ये." मुलगी नाराज झाली. परीक्षेत असं उत्तर तिने लिहिलं असतं तर मीच गुण कापले असते.

दुर्पता त्या पहिल्याच वर्षी मुखरूच्या दारी गेली होती. मला हे उशिरा, कवसाबाईकडून कळलं. माफी मागायला गेली असेल असं मला वाटलं, कारण मला अजूनही तसंच काहीतरी सुचतं. ती माफी मागायला नव्हती गेली. अंगणात उभी राहून तिने विचारलं होतं, "टोळी तुझ्या बांधीत येते. मी येऊ का?" तो नको म्हणाला होता. ती बरं म्हणून परत आली आणि टोळी मुखरूकडे गेली त्या दिवशी घरी बसली. तेव्हापासून दरवर्षी ती विचारते. आता टोळी तिची आहे, तरी विचारते. मुखरूच्या बांधीत तेरा बाया जातात.

यंदाच्या सोमवारी चौदाजणी आल्या. कवसाबाई आता गुडघ्यांमुळे चिखलात उतरत नाही, पण धुऱ्यावर खुर्ची टाकून बसली होती आणि सगळ्यांच्या चुका काढत होती. दिवसभरात दीड एकराच्या वर झालं. मुखरूच्या धुऱ्याला लागून एक कोपरा तेवढा उरला. माझ्या शेताचा नेमका तोच कोपरा दरवर्षी कसा उरतो, ते मी विचारत नाही.

संध्याकाळी बाया हातपाय धूत होत्या. मुखरू पलीकडे आपल्या धुऱ्यावर उभा होता, डाव्या हातात काठी. दुर्पता ओल्या लुगड्यानेच तिकडे गेली. मी चार पावलांवर होते, मला सगळं ऐकू आलं.

"बुधवारी तुझ्याकडे येतात बाया. मी येऊ?"

मुखरूने तिच्याकडे पाहिलं. नजर चुकवून नाही, चांगलं पाहिलं.

"नको," तो म्हणाला.

"बरं."

ती परत आली आणि जुडी बांधायच्या दोऱ्या गोळा करायला लागली. माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "सहा वर्षं झाली. तो नाहीच म्हणणार. कायले विचारतेस?"

"त्याले नाही म्हणता आलं पायजे ना," दुर्पता म्हणाली. "माझ्याशिवाय कोणाले म्हणणार तो?"

बुधवारी सकाळची शाळा आटोपून मी करडीला गेले. धुऱ्यापलीकडे तेरा बाया रांगेत होत्या आणि मुखरू डाव्या हाताने त्यांच्याकडे जुड्या फेकत होता. काही नेमक्या पडत होत्या, काही भलतीकडे जात होत्या, आणि शांता त्याला हसत होती. धुऱ्याच्या अलीकडे, माझ्या उरलेल्या कोपऱ्यात, दुर्पता एकटी रोवत होती. एकटीलाच सगळी पात, चांगली रुंद. ऊन पडलं होतं आणि तिची पाठ घामाने भिजली होती. पंचेचाळिशी उलटलेली बाई, सकाळपासून वाकलेली.

मी चप्पल काढली. लुगडं खोचलं. एक ओळ मी टाकली असती तर काय झालं असतं, शेत तर माझंच होतं. मग मी खोचलेलं लुगडं सोडलं आणि चहाचा डबा घेऊन धुऱ्यावर बसले. तिने आपली पात धुऱ्यापर्यंत आणली, कंबर सरळ केली आणि येऊन माझ्याजवळ बसली. तोवर चहा पार गार झाला होता.

"मदतीले उतरली नाही?" तिने विचारलं.

"तू बोलावलं नाहीस," मी म्हटलं.

तिने कप घेतला.